जोडधंदा: पिंपरी ते चिकलठाणा

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबांचे दुखणे विकोपाला गेले होते. त्यांचे पुत्र देवदास गांधींनी खटपट करून पेनिसिलिन मिळवले. युद्धाच्या त्या दिवसांत ते बाजारात मिळणारे औषध नव्हते, कलकत्त्याहून विमानाने आणावे लागले. पण ते दर काही तासांनी टोचावे लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. बा आता त्यापलीकडे गेल्या आहेत, उगाच सुयांचा छळ कशाला, असे त्यांचे मत पडले. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी, बा गेल्या. औषध टोचले गेलेच नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, पुण्याबाहेर पिंपरीच्या माळावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. यंत्रे युनिसेफने दिली, तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेने. १९५५ पासून तिथल्या टाक्यांतून पेनिसिलिन निघू लागले. स्वतंत्र भारतात सार्वजनिक क्षेत्रातला हा पहिला औषध कारखाना. जे औषध दहा वर्षांपूर्वी राष्ट्रपित्याच्या घरच्यांनाही परदेशी सरकारच्या मेहेरबानीने मिळत होते, ते तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचू लागले.

ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच. पण तिच्या बरोबरीने दुसरी एक गोष्ट चालली होती आणि ती पिंपरीच्याही आधी सुरू झाली होती. २८ डिसेंबर १९४० च्या ‘नेचर’मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांचे एक छोटे पत्र छापून आले. त्यांना आतड्यातल्या एका साध्या जिवाणूत पेनिसिलिनचा नाश करणारे एन्झाइम सापडले होते. तारीख पुन्हा पाहावी. ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनने उपचार सुरू झालेला पहिला रुग्ण फेब्रुवारी १९४१ मधला. म्हणजे ऑक्सफर्डमध्ये माणसाला औषध म्हणून पेनिसिलिन टोचले जाण्याआधीच त्याला मोडून टाकणारे एन्झाइम शास्त्रज्ञांच्या हाती आले होते.

मग ते आले कुठून? जे रसायन जिवाणूने दवाखान्यात कधी पाहिलेच नव्हते, ते मोडण्याचे साधन त्याच्याकडे कसे होते? वर्तमानपत्रात नेहमी वाचायला मिळते की जिवाणू ‘शिकतात’, ‘हुशार होतात’. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. एकटा जिवाणू काहीही शिकत नाही. खरा इतिहास त्याच्या आतल्या एन्झाइमांचा आहे आणि तो शिकण्याचा नसून जोडधंद्याचा आहे.

एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले विकर, हे एका ठरावीक रासायनिक कामासाठी घडलेले प्रथिन असते. पण ते काम इतके काटेकोर कधीच नसते. मुख्य कामासोबत ते मिळत्याजुळत्या दुसऱ्या रेणूवरही थोडेफार काम करून जाते, अगदी मंद, कोणाच्या लक्षातही न येण्याइतके. शेतकऱ्याच्या घरी दोन शेळ्या असाव्यात तसे हे. पाऊस बरा आहे तोवर त्यांना कोणी धंदा म्हणत नाही. दुष्काळ पडला की घर त्यांच्यावर चालते, आणि पुढच्या पिढीत कळप झालेला असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉय जेन्सन यांनी १९७६ मध्ये हा विचार नीट मांडला. आदिम जीवांत एन्झाइम थोडी आणि ढिली होती, प्रत्येक एन्झाइम अनेक कामे ओढत होते. चयापचयाचे आजचे लांबलचक मार्ग अशा ढिल्या एन्झाइमांना कामावर घेत घेत तयार झाले. त्याआधी, १९७० मध्ये, सुसुमु ओनो यांनी दुसरा धागा पुढे आणला होता: जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार झाली की एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरी बदलायला मोकळी होते.

पेनिसिलिनच्या बाबतीत मुख्य धंदा होता भिंत बांधण्याचा. जिवाणूभोवती साखरेच्या धाग्यांची आणि अमिनो आम्लांच्या आडव्या दुव्यांची भिंत असते. हे दुवे जोडणारी एन्झाइम आहेत; पुढे पेनिसिलिन त्यांनाच चिकटते हे कळल्यावर त्यांना पीबीपी म्हणू लागले, म्हणजे पेनिसिलिन बांधणारी प्रथिने. दुवा जोडताना ती टोकाला असलेली डी-अ‍ॅलनिनची जोडी ओळखतात. १९६५ मध्ये डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंगर यांनी दाखवून दिले की पेनिसिलिनचा रेणू हुबेहूब त्या जोडीसारखा दिसतो. एन्झाइम फसते, आपल्या सेरीन या अमिनो आम्लाने त्याला धरते आणि मग सोडू शकत नाही. भिंत अर्धवट राहते, जिवाणू फुटतो.

‘सोडू शकत नाही’ हे मात्र पूर्ण खरे नाही. काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, पकडलेले पेनिसिलिन मोडून सुटते. या मंद, निरुपयोगी सुटकेतच पुढचे सगळे होते. भिंत बांधणाऱ्या अशाच एखाद्या जुन्या एन्झाइमची प्रत कधीतरी सुटी झाली, आणि तिच्या खाचेत पाण्याचा एक रेणू योग्य जागी बसण्याची सोय झाली. त्या पाण्याने सेरीनवरचे पेनिसिलिन झटकन तोडता येऊ लागले. टेम-१ हे अशा एन्झाइमांतले नावाजलेले नाव. ते सेकंदाला हजाराच्या आसपास पेनिसिलिनचे रेणू मोडते. जे काम आधी एका रेणूमागे तास घेत होते, त्याचा हा वेग. १९८६ मध्ये भिंत बांधणारे एक एन्झाइम आणि पेनिसिलिन मोडणारे एक एन्झाइम यांच्या स्फटिकरचना शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा घडण तीच निघाली. हा फाटा फुटल्याचा काळ अब्जावधी वर्षांच्या हिशेबात मोजतात. जमिनीतल्या बुरश्या आणि जिवाणू माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकांवर असली रसायने सोडत होतेच. कॅनडाच्या गोठलेल्या जमिनीत, तीस हजार वर्षांपूर्वीच्या थरात, अशा प्रतिकाराची जनुके २०११ मध्ये सापडली आहेत.

म्हणजे पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग, त्याचे औषध करणारे फ्लोरी किंवा पिंपरी यांनी ते एन्झाइम निर्माण केले नाही. त्यांनी, आणि आपण सर्वांनी, त्याला मागणी निर्माण केली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर पू आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे नमुने मोजत होत्या. १९४६ मध्ये १४ टक्के नमुने पेनिसिलिनला दाद देत नव्हते, १९४८ मध्ये ५९ टक्के. एन्झाइम तेच होते. ज्यांच्याकडे ते होते, त्यांचे वंश वाढले.

आता पुण्याकडे परत येऊ, कारण पुण्यात याच औषधाभोवती दुसऱ्या एका एन्झाइमची कहाणी घडली, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पेनिसिलिन निकामी होऊ लागल्यावर १९५० च्या दशकाअखेर उपाय निघाला: पेनिसिलिनची बाजूची शेपूट कापायची, उरलेल्या गाभ्याला नवी शेपूट जोडायची आणि नवे औषध करायचे. अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन ही त्यातलीच. शेपूट रासायनिक पद्धतीने कापायची तर उणे चाळीस अंशांपर्यंत थंडी आणि घातक द्रावणे लागतात. तेच काम पेनिसिलिन अ‍ॅसायलेज नावाचे एन्झाइम कोमट पाण्यात करते. पिंपरीचा कारखाना आणि पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, यांनी या एन्झाइमवर बरीच वर्षे काम केले. १९८९ मध्ये दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेला त्याचा आढावा आजही संदर्भाला घेतला जातो.

पण जिवाणूला पेनिसिलिनची शेपूट कापून काय मिळत होते? तो स्वतःचे रक्षण करत होता असे म्हणावे, तर गाभा तसाच राहतो. आतड्यातल्या जिवाणूच्या अ‍ॅसायलेजबद्दल एक अंदाज असा आहे की यजमानाच्या बाहेर, मातीपाण्यात असताना, फिनाइलअ‍ॅसेटिक आम्लाची संयुगे तोडून कार्बन मिळवणे हे त्याचे खरे काम. कारखान्याने त्याच्या जोडधंद्यालाच नोकरी दिली.

एनसीएलच्या सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, अस्मिता प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या गाय डॉडसन यांच्या गटासोबत याच वळणावर खरी शोधाशोध केली. १९९९ मध्ये त्यांनी मातीतल्या बॅसिलस स्फेरिकसच्या पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेजची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या साखळीच्या अगदी पहिल्या टोकाला असलेले अमिनो आम्लच तिथे कापण्याचे काम करते. २००६ मध्ये त्यांनी दुसरे एन्झाइम पाहिले: माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचे. ते पित्तातल्या क्षारांपासून ग्लायसिन आणि टॉरिन सुटे करते. आपण जेवल्यावर तेल-तूप पचवायला जे पित्त येते, त्यावरच हे जिवाणू उदरनिर्वाहाचा काही भाग भागवत असावेत, असा अंदाज आहे. दोन्ही रचना एकमेकींवर बसवल्या तर घडण एक, कापणारे अमिनो आम्ल एक. आणि एकाच जातीचे रेणू वेगवेगळ्या एन्झाइमांना देऊन पाहिले तर कोणी पित्तक्षारावर जोरात, कोणी पेनिसिलिनवर जोरात, कोणी मधल्यामध्ये, अशा पायऱ्या दिसल्या. दोघांचा पूर्वज एक असावा आणि तो कुठल्या टप्प्यांनी फुटला असावा, याची ती पायवाट होती. एन्झाइम नवे काम कसे घेते, याचे इतके घरचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

इकडे रुग्णालयांत पेनिसिलिन मोडणारे एन्झाइम जोर धरत होते. टेम हे नाव १९६५ मध्ये अथेन्समधल्या एका रुग्णाच्या नावावरून पडले. लंडनच्या नाओमी दत्ता आणि त्यांच्या ग्रीक सहकाऱ्यांनी दाखवले की त्याचे जनुक जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून एका सुट्या वर्तुळावर, प्लाझ्मिडवर, होते आणि ते एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकत होते. औषध कंपन्यांनी टेमला न मोडता येणारी सेफोटॅक्सिमसारखी औषधे काढली. टेमची खाच त्यांच्यासाठी लहान होती. काही वर्षांत तीही मोठी झाली.

किती सहज, हे हार्वर्डमध्ये डॅनियल वाइनराइक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मोजून दाखवले. टेमच्या जनुकात पाच विशिष्ट बदल झाले की सेफोटॅक्सिमचा प्रतिकार सुमारे एक लाख पटीने वाढतो. हे पाच बदल एकापाठोपाठ एक व्हायचे तर त्यांचे १२० क्रम संभवतात. प्रत्येक पावलावर जिवाणूचा फायदाच व्हायला हवा, नाहीतर तो टिकणार नाही. या अटीवर १२० पैकी फक्त १८ वाटा चालण्याजोग्या निघाल्या. उत्क्रांतीला हवे तिथे जाता येत नाही, असा याचा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा: ज्या वाटा उघड्या आहेत, त्यांवरून जगभरचे जिवाणू वेगवेगळ्या रुग्णालयांत पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी पोहोचतील.

भारतात मात्र टेमपेक्षा सीटीएक्स-एम या दुसऱ्या घराण्याने जम बसवला. मूळ क्लुय्व्हेरा नावाच्या, फारशी कोणाला बाधा न करणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रावर हे जनुक निवांत बसलेले होते; उड्या मारणाऱ्या डीएनएच्या एका तुकड्याने ते उचलून प्लाझ्मिडवर नेले. त्याचा सीटीएक्स-एम-१५ हा अवतार पहिल्यांदा नोंदला गेला तो दिल्लीच्या १९९९ मधल्या नमुन्यांत. जवळच्या भावापेक्षा फक्त एका अमिनो आम्लाचा फरक. पुढच्या दहा वर्षांत तो जगभर झाला. डॉक्टरांकडे मग कार्बापेनेम उरले, अगदी शेवटच्या कपाटातले औषध.

मुंबईत पी. डी. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात एक टिपण छापले. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू त्यांनी तपासले होते. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे नवे एन्झाइम होते. हेच एन्झाइम त्याआधी, २००९ मध्येच, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ओळखले गेले होते आणि म्हणून त्याच्या नावात ‘न्यू दिल्ली’ आले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांचा मोठा लेख आला आणि देशात गदारोळ झाला. राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटनावर घाला, परदेशी कट, असे बरेच काही बोलले गेले. नावाबद्दलची तक्रार मला समजू शकते. पण २४ पैकी २२ हा आकडा मुंबईच्या डॉक्टरांनी, भारतीय नियतकालिकात, पाच महिने आधी सांगितला होता. त्यावर कोणी रान उठवले नाही. पुढे साठवून ठेवलेले जुने नमुने तपासले, तेव्हा २००६ च्या सुमारासच दिल्ली, मुंबई आणि पुण्याच्या रुग्णालयांत हे एन्झाइम होते असे निघाले. २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याचे परीक्षण झाले: साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी दोनमध्ये त्याचे जनुक मिळाले.

एनडीएमचे घराणेच वेगळे. भिंत बांधणाऱ्या एन्झाइमांशी त्याचे नाते नाही, सेरीनही नाही. दोन जस्ताचे अणू पाण्याच्या रेणूला धार देतात आणि ते पाणी पेनिसिलिनपासून कार्बापेनेमपर्यंत बहुतेक सगळे तोडते. याच घडणीची भावंडे पेशीत भलतीच कामे करतात: एक घराणे पेशीतल्या विषारी उपपदार्थांचा निचरा करते, एक आरएनएची टोके छाटते. म्हणजे निसर्गात पेनिसिलिन मोडण्याचा धंदा अगदी वेगळ्या घरांतून, स्वतंत्रपणे, सुरू झाला. एनडीएमचे आजचे जनुकही अखंड नाही. अ‍ॅसिनेटोबॅक्टर जिवाणूत दुसऱ्या एका प्रतिकार-जनुकाचा सुरुवातीचा छोटा तुकडा त्याला जोडला गेला, असा पुरावा २०१२ मध्ये मांडला गेला.

माणसाचे शरीर या एन्झाइमशी आपल्या परीने लढते, हे मला विशेष वाटते. संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन सोडून आसपासचे जस्त ओढून घेतात. जस्त नसले की एनडीएम पांगळे. पण २०१८ मध्ये अर्जेंटिनातल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की रुग्णांत सापडणारी एनडीएमची नवी रूपे जस्ताच्या टंचाईत अधिक टिकतात; एका ठिकाणचे मिथिओनिन जाऊन ल्युसिन आले की जस्त अधिक घट्ट धरले जाते. एनडीएम-५ मध्ये हा बदल आहे. त्याची पहिली नोंद २०११ मध्ये ब्रिटनमध्ये झाली, भारतात उपचार घेतलेल्या रुग्णात.

आता आमच्या गावाकडे. हर्सूल टी-पॉइंटवरून जळगाव रोडने सिडकोपर्यंत यावे आणि डावीकडे जालना रोडला लागावे, की चिकलठाण्याची एमआयडीसी येते. तिथे वोक्हार्ट या औषध कंपनीचे संशोधन केंद्र आहे. हर्सूलची ओळख तुरुंग, तलाव आणि हरसिद्धी देवी यांनी होते, छत्रपती संभाजीनगरची वेरूळ-अजिंठ्याने. या शहरात नवे प्रतिजैविक शोधले जाते हे सांगितले, तर इथलेच लोक आश्चर्य करतात.

चिकलठाण्याच्या संशोधकांपुढे एनडीएमचा प्रश्न होता. आजवरची चाल अशी: औषधासोबत दुसरा रेणू द्यायचा, जो मोडणाऱ्या एन्झाइमला अडकवतो. क्लाव्ह्युलॅनिक आम्ल १९८० च्या दशकापासून हेच करते, २०१५ मध्ये आलेले अ‍ॅव्हिबॅक्टॅमही. पण दोघांची पकड सेरीनवर. जस्तवाल्या एनडीएमपुढे त्यांचा इलाज नाही. चिकलठाण्याच्या झिडेबॅक्टॅमने वेगळा रस्ता धरला. त्याला एनडीएमला अडकवता येत नाही, पण त्याच्यात एनडीएम तोडते ती कडीही नाही. ते सरळ भिंत बांधणाऱ्या पीबीपी-२ ला धरते. सोबत दिले जाणारे सेफेपिम हे औषध पीबीपी-३ ला धरते. सेफेपिम काही प्रमाणात मोडले गेले, तरी दोन ठिकाणी एकदम काम अडल्याने जिवाणू टिकत नाही. या जोडीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ५३० रुग्णांवर झाली. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गात तिला ८९ टक्के यश मिळाले, तुलनेच्या मेरोपेनेम या कार्बापेनेमला ६८.४ टक्के, हे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले.

युक्ती सुंदर आहे. जोडधंदा करणाऱ्याच्या मागे न लागता मूळ कामावरच घाव. पण मूळ काम करणारे एन्झाइमही काही दगडाचे नसते, आणि हे याच केंद्राच्या नोंदीतून दिसते. २०२० मध्ये हरिहरन पेरियासामी, सचिन भागवत, महेश पटेल आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या रुग्णालयांमधल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचे नमुने तपासून लिहिले की त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पीबीपी-३ मध्ये चार अमिनो आम्लांची जास्तीची भर आहे. भिंत बांधण्याचे काम चालू राहते, पण त्या भरीमुळे अ‍ॅझट्रिओनामसारखी औषधे तिथे नीट बसत नाहीत. अ‍ॅझट्रिओनाम आणि अ‍ॅव्हिबॅक्टॅम ही एनडीएमवरची दुसरी आशा; हे जोड-औषध युरोपात २०२४ मध्ये मंजूर झाले, अमेरिकेत २०२५ मध्ये. चार अमिनो आम्लांची भर असलेले ई. कोलाय त्याच्या चार वर्षे आधीच आपल्या वॉर्डांत मोजले गेले होते, आणि त्यांतल्या अनेकांकडे एनडीएमही होते.